टीव्हीवरची फॅन्टसी लढाई बघताना सेनापतीला मार्क कसे द्यायचे

आधी एक गोष्ट, ड्रॅगन असतो का, मेलेली माणसं उठतात का यावर वाद घालायचा नाही. त्या जगाचे नियम मान्य करायचे आणि मग बघायचं की ते नियम माहीत असून सेनापतीने काय दिवे लावले.

सीन पॉज करा आणि कागदावर नकाशा काढा, खरंच काढा, नुसतं बघून कळत नाही कारण कॅमेरा सारखा गोल फिरतो. गेम ऑफ थ्रोन्स या सिरियलमधली २०१९ ची विंटरफेल किल्ल्याची लढाई काढून बघा, शत्रू म्हणजे मेलेल्यांचं सैन्य घेऊन येणारा नाइट किंग, आणि आपल्या बाजूला धोंडे फेकणारी यंत्रं पायदळाच्या पुढे आणि खंदक पायदळाच्या मागे! अहो खंदक शत्रूच्या आणि आपल्यामध्ये हवा ना, आणि शत्रू तो ओलांडत असताना त्याला वरून मारणारी माणसं हवीत, नाहीतर नुसता खड्डा.

मग घोडदळ बघा. समोर मिट्ट काळोख, शत्रू किती आणि कुठे पत्ता नाही, आणि तो आपले मेलेले उठवून आपल्यावरच सोडतो हे माहीत असताना डोथ्राकींना, म्हणजे आपल्या बाजूच्या घोडेस्वार टोळीला, थेट आत पाठवलं, म्हणजे त्याला फुकट भरतीच दिली. १६६१ ला आपल्या लोणावळ्याखाली उंबरखिंडीत महाराजांनी बरोबर उलटं केलं, मुघल सरदार कारतलबखान अरुंद खिंडीत पूर्ण अडकेपर्यंत थांबले, मग वरून मारा, शेवटी खान खंडणी देऊन सुटला. जागा आणि वेळ दोन्ही आपल्या हातात, ह्याला म्हणतात प्लॅन.

उंच जागा कोणाकडे आहे तेही बघा. पटत नसेल तर पुरंदरला जाऊन शेजारचा वज्रगड बघून या, १६६५ ला मुघलांच्या दिलेरखानाने तो आधी घेतला आणि तिथून पुरंदरवर तोफा चालवल्या.

आणि जेवण! सिरियलमध्ये हजारो माणसं खातात काय, घोड्यांना चारा कोण देतं, कोणी विचारतच नाही. पानिपतावर रसद तुटली, मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारीला आपली माणसं उपाशी पोटी लढली.

फक्त मार्क कापायच्या आधी मूळ हेतू काय होता ते तपासा. विंटरफेलला ब्रॅनला, म्हणजे नाइट किंग ज्याच्या मागावर होता त्या मुलाला, आमिष म्हणून बसवून नाइट किंगला ओढून आणायचा बेत होता, माझ्या मते तो चांगलाच होता, त्याचे मार्क द्या. पण मग बाकी सैन्याचं काम फक्त वेळ काढायचं होतं, आणि वेळ काढायला भिंतीच्या बाहेर कोण उभं राहतं?