बुरशीचं औषध लागू पडत नाही? आधी या चुका तपासा

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा बुरशीसंसर्ग महिनाभरात हटला नाही की घरात सूर निघतो, ‘औषध बदलून घ्या’. त्याआधी गोळी पोटात कशी जाते ते बघा.

इट्राकोनॅझोल या बुरशीच्या औषधाची नेहमीची कॅप्सूल विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती जेवणानंतर लगेच घ्यायची. प्रत्यक्षात सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी आणि त्याच घोटाबरोबर ही कॅप्सूलही घेतली जाते. मग औषध रक्तात उतरतच नाही, आणि आपण बुरशी चिवट आहे म्हणतो. पित्ताची गोळी थांबवता येत नसेल, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. याच औषधाचं द्रावण उपाशीपोटी घेतात आणि त्याला आम्लाची तितकी गरज नसते. व्होरिकोनॅझोल या बुरशीच्याच दुसऱ्या औषधाच्या गोळ्याही जेवणाआधी किंवा नंतर किमान तासभर अंतर ठेवूनच घ्यायच्या. या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी मोजता येते. गुण येत नसेल तर ही तपासणी जरूर विचारा.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते. किडनी बदललेले रुग्ण, शरीराने ती नाकारू नये म्हणून, टॅक्रोलिमस हे औषध घेतात. ही बुरशीरोधक औषधं त्याची पातळी वाढवतात, म्हणून डॉक्टर त्याचा डोस कमी करतात. बरं वाटलं म्हणून बुरशीची गोळी परस्पर बंद केली, की टॅक्रोलिमसची पातळी घसरते आणि शरीर नवी किडनी नाकारू शकतं. तेव्हा गोळी सुरू करतानाच नव्हे, बंद करतानाही प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवा. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाचं उलट असतं, ते बुरशीच्या बऱ्याच गोळ्यांचा असरच कमी करतं.

खाज थांबली म्हणजे बुरशी गेली, असं नाही. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. फुप्फुसातल्या ॲस्परजिलस बुरशीच्या जुनाट संसर्गावर किमान ६ महिने उपचार चालतात. एचआयव्ही असताना क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर झाला, तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध वर्षभर तरी, आणि सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या) पेशी पुरेशा वाढेपर्यंत घ्यावं लागतं.

नायट्यावर स्टेरॉइडची मिश्र ट्यूब तर लावूच नका. लाली ओसरते, कडा पुसट होतात, बुरशी मात्र आत पसरत राहते. लावली असेल तर ती ट्यूब तपासणीला सोबत न्या. पोटातून घेत असलेलं स्टेरॉइड मात्र भीतीपोटी एकदम सोडू नका.

ताप, न थांबणारी डोकेदुखी, नाकात काळी खपली, खोकल्यातून रक्त, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.