खानदेशात घरामागे स्विमिंग पूल बांधताय? या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर, धुळे, कुठेही जा. मळ्यातल्या घरामागे किंवा नव्या बंगल्याच्या परसात स्विमिंग पूल दिसू लागलेत. हौस रास्त आहे. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की संध्याकाळी घरातल्या पोरांना पाण्यात उतरायला मिळावं, यापेक्षा चांगला खर्च कोणता? पण दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात यातले काही पूल कोरडे पडलेले, तर काही हिरवेगार झालेले दिसतात. आणि कारण बहुतेक वेळा नकाशातच असतं. नकाशा लोणावळ्याच्या किंवा गोव्याच्या बंगल्याचा, अन् ऊन, माती, पाणी मात्र तापीकाठचं.

घरात चर्चा होते ती आकाराची, टाईल्सच्या रंगाची, धबधब्याची. पाणी, सावली आणि माती यांचा विषय खड्डा खोदल्यावर निघतो. हा क्रम उलटा हवा. आकार सगळ्यात शेवटी ठरवा.

भरायच्या पाण्याचा हिशेब केला, उडणाऱ्या पाण्याचा केला नाही

24 बाय 12 फुटांचा, सरासरी 4 फूट खोल पूल धरू. त्यात साधारण 32-33 हजार लिटर पाणी बसतं. एवढा हिशेब ठेकेदार सांगतो आणि तिथेच थांबतो. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला 8 ते 10 मिलिमीटर उतरते. 10 धरले तर या पुलातून रोज सुमारे 270 लिटर नुसतं उडून जातं. दोन महिन्यांत 16 हजार लिटर, म्हणजे अर्धा पूल! शिवाय फिल्टरच्या दर बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुताना, चार-पाचशे लिटर जातं, ते वेगळंच.

हे पाणी नेमकं कधी लागणार? विहिरीने तळ गाठलेला असतो, यावल-रावेर पट्ट्यात बोअरची पातळी आणखी खाली गेलेली असते, आणि शहरात नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा. म्हणून आपल्या विहिरीचं किंवा बोअरचं मे महिन्यातलं पाणी बघितल्याशिवाय पुलाचं माप ठरवू नका. दिवाळीत भरलेली विहीर बघून ठरवलेला पूल मे महिन्यात टँकरवर येतो. आणि शेजारच्या वस्तीत हंड्यांची रांग लागलेली असताना आपल्या अंगणात टँकर उभा राहणं बरं दिसत नाही, हेही मनात असू द्या. पाणी कमी असेल तर 10 बाय 8 चा, साडेतीन फूट खोल छोटा हौदच बांधा. अंग निववायला तेवढा पुरतो. पोहायला शिकायचं असेल तर गोष्ट वेगळी.

काठावरून पाणी सांडणारा ओव्हरफ्लो पूल फोटोत देखणा दिसतो. पण पाण्याचा पातळ पडदा सतत हवेत राहतो, म्हणजे पाणी उडणं वाढतं. शिवाय सांडलेलं पाणी साठवायला वेगळी टाकी बांधावी लागते. आपल्या हवेत साधा स्किमरचा पूल बरा. स्किमर म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं भिंतीतलं तोंड. स्किमर पूर्वेच्या भिंतीत ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पाला आणि धूळ आपोआप स्किमरच्या तोंडाशी जमते. स्किमर उलट्या बाजूला गेला, तर जाळी घेऊन रोज तुम्हालाच फिरावं लागेल.

सावली चुकीच्या बाजूला

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात महाग पडते. दक्षिणेला झाडं लावली की सावली मिळेल, असं बरेच जण धरून चालतात. हिवाळ्यात ते खरं आहे. पण खानदेश साधारण 21 अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच बुडाशी पडते. त्या दिवसांत दक्षिणेचं झाड पुलावर सावली टाकतच नाही. दुपारच्या सावलीला डोक्यावरच काहीतरी हवं, आणि तीननंतरचं जे खरं भाजणारं ऊन असतं ते पश्चिमेकडून येतं.

म्हणून शक्य असेल तर घर पश्चिमेला आणि पूल त्याच्या पूर्वेला ठेवा. वास्तूच्या हिशेबाने ईशान्येचा आग्रह असलेल्या घरांत हे सहज जमून जातं. जागा ठरवायची सोपी रीत आहे. मे महिन्यात दुपारी चारला जागेवर जा, घराची आणि भिंतीची सावली जिथवर पोचते तिथे चुन्याच्या फक्कीने रेघ मारा. साडेपाचला पुन्हा मारा. या दोन रेघा वास्तुविशारदाला दाखवा, मग तो नकाशा बदलेल. ज्यांना मे महिन्यापर्यंत थांबणं शक्य नाही, त्यांनी निदान पश्चिमेची बाजू मोकळी सोडू नये.

डोक्यावरच्या सावलीला 50 टक्क्यांचं शेडनेट लोखंडी सांगाड्यावर लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि कामाचा उपाय. पाणी तापत नाही, उडणंही कमी होतं आणि क्लोरीन टिकतं. सांगाडा मात्र वेल्डिंग करून पक्का रोवा. मे-जूनचं वादळ केळीची बाग आडवी करतं, तिथे बांबूवर बांधलेली जाळी काय टिकणार?

इथेच आणखी एक चूक होते. पाणी उडू नये म्हणून निळं, फुग्यांचं, पारदर्शक आच्छादन विकत आणतात. ते थंड प्रदेशात पाणी गरम करायला बनवलेलं असतं. आपल्याकडे दोन दिवसांत पुलाचं न्हाणीघर होतं. आच्छादन घ्यायचंच तर फिक्या रंगाचं, ऊन आरपार न जाऊ देणारं घ्या. उलट पाणी फारच तापलं असेल तर रात्री कारंजं सुरू ठेवा. कोरड्या हवेत पाण्याचं तापमान चांगलं उतरतं, मात्र त्यासाठी थोडं पाणी खर्ची पडतं. म्हणून पाणी मुबलक असेल तरच हे करा.

काठाला काळा शहाबादी किंवा गडद ग्रॅनाईट लावू नका. दुपारी अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि पॉलिश केलेला दगड ओला झाला की पाय घसरतो. फिकट, खरखरीत फरशी घ्या.

काळ्या मातीत घराची टाकी बांधतो तसा पूल बांधणे

"भाऊ, विटांचं बांधून आतून प्लास्टर मारू, टाईल लावली की झालं," असं सांगणारा मिस्तरी भेटला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. आपली कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन आकसते. वर्षातून एकदा ती पुलाच्या भिंतीला दाबते, एकदा सोडून देते. विटांची भिंत हे फार दिवस सहन करत नाही. आधी कोपऱ्यात बारीक रेघ दिसते, पुढच्या उन्हाळ्यात पाणी जायला लागतं.

साक्री, धुळ्याकडे बऱ्याच ठिकाणी काही फुटांवर मुरूम लागतो. तिथे काळी पूर्ण काढून मुरमावर तळ बसवता येतो. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात, रावेर-यावलकडे, माती खूप खोल असते, मुरमाची वाट बघत खोदत राहण्यात अर्थ नाही. तिथे खालचा थर बदलून, नीट दाबून, वर तळ आणि भिंती एकसंध आरसीसीच्या कराव्या लागतात आणि सळईचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्यावा लागतो. पाणी साठवणाऱ्या काँक्रीटसाठी आयएस 3370 हे मानक आहे, त्यात आरसीसीला किमान एम 30 प्रत सांगितली आहे. इंजिनिअरला हे नाव घेऊन विचारा. तळ आणि भिंत यांच्या सांध्यात पाणी अडवणारी वॉटरस्टॉपची पट्टी टाकली की नाही, हे स्वतः उभं राहून बघा. गळती बहुतेक वेळा त्या सांध्यातून किंवा पाईप जिथून भिंतीबाहेर पडतो तिथून होते.

भिंतींच्या मागे भराव टाकताना खोदलेली काळी परत ढकलायची नाही. मुरूम किंवा वाळू टाका आणि पावसाचं पाणी पुलापासून दूर जाईल असा उतार ठेवा.

मार्चमध्ये काम सुरू करणे

सुट्टीत नातवंडं येणार, त्याआधी पूल हवा, म्हणून होळीनंतर खोदाई सुरू होते. एप्रिलच्या उन्हात टाकलेल्या काँक्रीटचा वरचा थर गरम वाऱ्याने तासाभरात सुकतो आणि त्यावर केसासारख्या भेगा पडतात. मिस्तरी सकाळी एकदा पाणी मारतो, अकरा वाजता भिंत कोरडी ठणठणीत. दिवाळी झाली की खोदाई करा, डिसेंबर-जानेवारीत काँक्रीट टाका. नाइलाज असेल तर काँक्रीट संध्याकाळी टाका, गोणपाट गुंडाळा आणि किमान 14 दिवस ते ओलंच राहील अशी व्यवस्था करा.

टाईल लावण्याआधी पूल भरून आठवडाभर तसाच ठेवा. पातळी किती उतरते ते बघा. ठेकेदार घाई करेल. ऐकू नका.

पातळी उतरतेय: गळती की ऊन?

हे ओळखायला बादली पुरते. पुलाच्या पायरीवर बादली ठेवा, तोंड पाण्याच्या वर राहील अशी. बुडाशी विटेचा तुकडा टाका म्हणजे हलणार नाही. बादलीत पुलाचंच पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. आत आणि बाहेर पेन्सिलीने खूण करा. 24 तासांनी बघा. दोन्ही सारखंच उतरलं असेल तर ते ऊन आहे. बाहेरचं जास्त उतरलं असेल तर गळती. मग हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. पंप चालू असताना जास्त उतरत असेल तर पंपाच्या पुढच्या पाईपात दोष आहे, भिंत फोडायची गरज नाही. हे न करता सगळ्या टाईल्स उखडणारे लोक आहेत, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

क्लोरीन टाकूनही पाणी हिरवं

भर उन्हात क्लोरीन काही तासांत नष्ट होतं. त्यासाठी पाण्यात स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड, 30 ते 50 पीपीएम (लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) हवं. क्लोरीन संध्याकाळी टाकायचं, सकाळी नाही. पण स्टॅबिलायझर वाढत गेलं तर क्लोरीन असूनही काम करत नाही, आणि ते कमी करायला थोडं पाणी बदलण्यावाचून व्यावहारिक इलाज नाही. ट्रायक्लोर या क्लोरीनच्या गोळ्यांमधूनही ते वाढतं, हे गोळ्या विकणारा सांगत नाही.

दुसरा प्रश्न पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचा. 7.2 ला निम्म्याहून जास्त क्लोरीन कामाचं असतं, 8 वर जेमतेम पाव उरतं. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात स्वस्त म्हणून ब्लिचिंग पावडर, तिच्यात चुना. पीएच चढतो, पाणी दुधाळ होतं, टाईल्सवर पांढरा थर बसतो. लोक मग आणखी ब्लिचिंग टाकतात. आधी पीएच मोजा, 7.2 ते 7.6 च्या आत आणा, मगच क्लोरीन. पीएच उतरवायला ॲसिड वापरताना ते पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र किंवा शेजारी-शेजारी ठेवू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पाणी उडतं पण क्षार मागे राहतात, वरून पुन्हा बोअरचंच पाणी. दोन उन्हाळ्यांत पाणी आणखी जड होतं. उपाय आपल्या छपरावरच आहे. पहिल्या एक-दोन पावसाचं पाणी सोडून द्या, नंतरचं गाळून पुलात घ्या.

उन्हाळ्यात रोज 6 ते 8 तास फिल्टर चालायला हवा. शेतीच्या फीडरवर ठराविक तासच वीज असते, आणि ते कनेक्शन यासाठी नाहीच. घरगुती जोडणीवर पंप घ्या. बॅकवॉशचं पाणी खड्ड्यात एक-दोन दिवस उन्हात राहू द्या, मग झाडांना द्या. मिठावर चालणारी क्लोरीन यंत्रणा बसवली असेल तर ते पाणी केळीकडे वळवू नका, केळीला क्षार सोसत नाहीत. पश्चिमेच्या सावलीसाठी कडुनिंब लावत असाल तर तो पुलापासून लांब ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये त्याची पानं आणि नंतर बारीक फुलोरा स्किमर तुंबवतो.

जिथे तडजोड नाही

शेततळ्यात पोहायला पाठवू नका. प्लास्टिकच्या उतारावर शेवाळ बसतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी बातम्या येतात.

घरच्या पुलाला चारही बाजूंनी किमान 4 फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवं. लहान मूल आवाज न करता बुडतं. घरात पाहुणे भरलेले असताना धोका सगळ्यात जास्त, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. सुट्टीत एका मोठ्या माणसाला नाव घेऊन सांगा: आता तासभर लक्ष तुझं. तळाच्या एकाच जाळीतून पंपाची ओढ ठेवू नका, अंतर ठेवून दोन जाळ्या द्या, म्हणजे केस किंवा अंग ओढलं जाणार नाही. दिवे 12 व्होल्टचे, पंपाच्या लाईनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. खोली साडेचार फुटांपुढे नको, सूर मारायला बंदी.

आणि पूल रिकामा करून घासायचा असेल तर तो फेब्रुवारीत करा. मे महिन्यात रिकाम्या पुलाच्या टाईल्स तापून सुटतात. पावसाळ्यात आजूबाजूची काळी पाण्याने फुगलेली असते, ती रिकाम्या पुलाच्या भिंती आत ढकलते आणि खालचं पाणी तळ वर उचलतं. तळात पाण्याचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवला आहे का, हे बांधतानाच विचारून घ्या.