संशोधन संस्थेचा स्त्री-पुरुष समानता आराखडा: आधी मोजणी, मग मजकूर

आराखडा लिहायला बसण्याआधी आस्थापना शाखेकडून मागच्या पाच वर्षांची माहिती काढा. ‘एकूण महिला कर्मचारी’ हा एकच आकडा फसवा असतो. प्रक्षेत्रावर, म्हणजे संस्थेच्या शेतावर, कलमं बांधणाऱ्या रोजंदारी बायका त्यात धरल्या की टक्केवारी छान दिसते आणि प्राध्यापकपदापर्यंत किती जणी पोचल्या ते झाकलं जातं. म्हणून रोजंदारी, कंत्राटी, संशोधन सहायक, सहायक प्राध्यापक, सहयोगी, प्राध्यापक अशी पदवार मोजणी करा. प्रत्येक भरतीत अर्ज किती आले, मुलाखतीला किती बोलावले, निवड कितींची झाली हेही स्त्री-पुरुष वेगळं मांडा. गळती कुठल्या पायरीवर आहे ते यातूनच कळतं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाची केंद्रं रत्नागिरीजवळच्या भाट्ये, वेंगुर्ल्यापर्यंत पसरली आहेत. अशा संस्थेत केंद्रवार आकडे हवेत, पण जिथे शास्त्रज्ञ मोजकेच तिथे टक्के काढू नका. एका बदलीने चित्र उलटतं. पाच वर्षांची बेरीज द्या, आणि कुणाची ओळख पटेल असा तपशील जाहीर करू नका.

युरोपीय संघाच्या ‘होरायझन युरोप’ या संशोधन निधीसाठी तिथल्या संस्थांना 2022 पासून असा आराखडा सक्तीचा आहे. त्याच्या चार अटी आपल्यालाही चौकट म्हणून पुरतात: प्रमुखाच्या सहीचा जाहीर दस्तऐवज, स्वतंत्र माणूस व पैसा, आकडेवारी, प्रशिक्षण. दुसऱ्या अटीवरच बहुतेक आराखडे अडतात. अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर उपकेंद्रातलं स्वच्छतागृह, रात्रीची गाडी, ट्रॉलरवर नमुने घ्यायला जाणाऱ्या विद्यार्थिनीसोबत दुसरी सहकारी, यातलं काहीच होत नाही. मग ‘मुली समुद्रावर यायला तयार नसतात’ असा शेरा पडतो.

दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती प्रत्येक ठिकाणच्या कार्यालयात हवी. ती फक्त मुख्यालयात नेमून भागत नाही. किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रारीला तीन महिने, चौकशीला 90 दिवस. रोजंदारी बायकांनाही हे संरक्षण आहे. त्यांना ते मराठीत, तोंडी सांगा.

निधी देणाऱ्या संस्थेने वयाच्या अटीऐवजी पीएच.डी.नंतरची वर्षं मोजावीत आणि प्रत्येक अपत्यामागे किमान एक वर्ष सोडून द्यावं. इथे एक चूक हमखास होते: प्रसूती रजेमुळे प्रकल्पाची मुदत वाढते, पण फेलोशिपची रक्कम वाढत नाही. तरतूद दोन्हींची करा. मागितलेली व मंजूर रक्कमही स्त्री-पुरुष वेगळी नोंदवा. मंजुरीचं प्रमाण सारखं असूनही बायकांच्या प्रकल्पांना कात्री जास्त लागते का, ते तेव्हाच दिसेल.

प्रस्तावाच्या नमुन्यात एक प्रश्न घाला आणि त्याला गुण ठेवा: माहिती कुणाकडून घेणार? मासेमारीच्या पाहणीत फक्त नौकामालकाला विचारलं, तर मासळी निवडणाऱ्या, सुकवणाऱ्या, बाजारात विकणाऱ्या आणि खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढणाऱ्या बायका निष्कर्षातून गळतात. बर्फाचा आणि बाजारातल्या ओट्याचा खर्च त्यांनाच ठाऊक असतो.

आढावा दर सहा महिन्यांनी घ्या, आणि प्रत्येक कामापुढे जबाबदार पदाचं नाव व तारीख लिहा. ‘सर्व विभाग’ असं लिहिलेलं काम कुणाचंच नसतं.