स्त्री संघटनेच्या इतिहासावर डिसर्टेशन करताय? मग हे वाचा

ज्युनिअर्सचे सारखे मेसेज येतायत की विषय कुठला घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी अखिल भारतीय महिला परिषद घेतली होती. पुण्यात राहून करायला बरा विषय, कारण पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये इथेच, फर्ग्युसन कॉलेजात भरलं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्ष आणि पुढाकार आयरिश कार्यकर्त्या मार्गारेट कझिन्स यांचा. (एफसी रोडला रोज चहा ढोसणाऱ्या निम्म्या पब्लिकला हे ठाऊक नसतं, असो.)

गंमत म्हणजे परिषद भरली मुलींच्या शिक्षणासाठी, राजकारणात पडायचं नाही असंच सुरुवातीला धोरण. पण पोरीचं बाराव्या वर्षी लग्न लागणार असेल तर शाळा काढून उपयोग काय, मग लग्नाचं वय वाढवा, मग त्यासाठी कायदा, आणि कायदा हवा तर कायदेमंडळातल्या मेंबरांच्या मागे लागणं आलंच. १९२९ चा सारडा कायदा, मुलीला १४ आणि मुलाला १८, त्यामागे या बायकांनी निवेदनं, शिष्टमंडळं, सभा असा लावलेला तगादा आहे. लॉबिंग लॉबिंग म्हणतात ते हेच.

आता कामाचं. नुसते परिषदेचे ठराव उतरवून काढू नका, कुणी वाचत नाही. वहीत डावीकडे ठराव आणि वर्ष लिहा, उजवीकडे त्याच सुमारास सरकारदरबारी काय चाललं होतं ते, म्हणजे १९२८ ला संमतिवयाची (शरीरसंबंधाला संमती देण्याचं कायद्यातलं किमान वय) जोशी कमिटी, त्यात स्त्री चळवळीतल्या रामेश्वरी नेहरू मेंबर, वगैरे. मग ठराव कुणाला ऐकवायला लिहिलाय ते आपोआप दिसतं.

व्हायवाला (तोंडी परीक्षेला) हमखास कायदेमंडळातल्या राखीव जागांवर अडवतात. १९३० नंतर परिषदेने बायकांना राखीव जागा नकोत, सगळ्या प्रौढांना मत द्या अशी भूमिका घेतली, तरी १९३५ च्या भारत सरकार कायद्यात त्या जागा आल्याच. २०२३ च्या महिला आरक्षण कायद्यातल्या ३३ टक्क्यांनंतर हे वाचून डोकं चक्रावतं, पण 'त्या मागासलेल्या होत्या' असं ठोकून देऊ नका, जागा धर्मावर वाटल्या जाणार आणि बायकांची एकी फुटणार ही भीती होती त्यांना.

आणि हो, परिषद बरीचशी वरच्या घरातल्या बायकांची, हे लिहायला लाजू नका. जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, तिथे घटस्फोटाच्या हक्काबरोबर गिरणीतल्या बायकांच्या रजेचीही मागणी होती. हे ठराव शेजारी ठेवून वाचा.

सिनॉप्सिसला 'भारतातील स्त्री चळवळ' असलं अवाढव्य टायटल अजिबात नको, १९२७ ते ३७ घ्या, तेवढंच पुरून उरतं.