पाटल्या घरी आल्या

क्रेडिट कार्डाचे ८४,००० थकले होते. दर महिन्याला 'किमान देय' ४,२०० भरायचो आणि वाटायचं, कर्ज फिटतंय. एका रात्री स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचलं. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज २,९४०, त्यावर जीएसटी ५२९. मुद्दल कमी झालं होतं जेमतेम ७३१ रुपयांनी! पोटात गोळाच आला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, सोनं अडीनडीसाठीच असतं." दुसऱ्या दिवशी माझ्या पाटल्या बँकेत तारण ठेवल्या. वर्षाला दहा टक्के व्याज. कार्डाचं देणं एकरकमी फेडलं आणि कार्ड बंद केलं.

पगार झाला की पहिले ६,००० सोनेतारणाला. किराणा, दूध, भाजीचे पैसे वेगळ्या खात्यात, आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलं. खरा फरक यानेच पडला, कारण आमची गळती वीस-पन्नास रुपयांचीच होती. २० तारखेला खातं रिकामं झालं, की मग डब्यातली कडधान्यं भिजायची. मुलांनी कुरकुर केली, पण मटकीची उसळ त्यांना आता आवडते.

पंधराव्या महिन्यात पाटल्या सोडवल्या. सासूबाईंनी स्वतः माझ्या हातात चढवल्या.