दहा इंची ई-रीडर घ्यायचाय? आधी झेरॉक्सच्या दुकानात जा

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर मी रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जातो. वर्गात पुस्तकांपेक्षा पीडीएफच जास्त. पोरं फोनवर दोन बोटांनी पान ताणतात, एक ओळ वाचतात, पान डावीकडे सरकवतात, पुन्हा ताणतात. मग कोणीतरी विचारतंच, "सर, तो मोठा ई-रीडर घेऊ का? दहा इंची?"

प्रश्न रास्त आहे. फक्त वाचनासाठीचं, कागदासारख्या पडद्याचं हे यंत्र महाग, लहान रीडरच्या दुपटीच्या पुढे जाणारं. शिवाय घेतल्यावर महिनाभराने कपाटात पडण्याची शक्यताही बरीच. म्हणून घेण्याआधी पुढच्या गोष्टी करून बघा. एकूण खर्च दहा-वीस रुपये.

१. महिन्याभराचं वाचन दोन ढिगांत लावा

एका ढिगात वाहता मजकूर: कादंबऱ्या, कथा, चरित्रं, म्हणजे ई-पुस्तक म्हणून विकत मिळतं ते सगळं. यात अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं आणि ओळी आपोआप नव्याने लागतात. दुसऱ्या ढिगात ठरलेलं पान: पीडीएफ, स्कॅन केलेली जुनी पुस्तकं, तक्ते, आकृत्या, दोन रकान्यांचे लेख.

पहिला ढीग मोठा असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. कादंबरीसाठी सहा-सात इंची रीडर पुरतो, हातातही बरा बसतो. (आणि सावानाचं, म्हणजे आमच्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, कार्ड असेल तर तोही लागेलच असं नाही. 1840 पासून चालू असलेल्या वाचनालयाला बॅटरी लागत नाही.)

२. पीडीएफमधली एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा

ही चाचणी मराठी वाचणाऱ्यांसाठी फार महत्त्वाची आहे. पीडीएफ फोनवर उघडा, एक ओळ दाबून धरून कॉपी करा आणि स्वतःलाच पाठवा. चारपैकी एक काहीतरी होईल.

ओळ जशीच्या तशी आली तर उत्तम. अशी पीडीएफ संगणकावर ई-पुस्तकात बदलून लहान रीडरवरही वाचता येते. मात्रा-वेलांट्या इकडच्या तिकडे पडल्या तर थोडी आशा आहे, पण वाचताना डोकं उठतं. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर ती पीडीएफ युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षर-संकेताच्या) आधीच्या फॉन्टमध्ये बनवलेली आहे. दिसायला मराठी, पण पोटात भलतंच. आणि ओळ निवडलीच जात नसेल तर ते पान म्हणजे नुसता फोटो.

शेवटच्या दोन प्रकारांत अक्षर मोठं करण्याची सोय तुम्हाला मिळत नाही. पान आहे तसंच बघावं लागतं, आणि तिथे मोठा पडदा खरोखर कामाला येतो. मराठी अभ्यासाच्या साहित्यात हे दोन प्रकार बरेच भेटतात. मोठ्या रीडरच्या बाजूने माझ्या मते सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

३. आता झेरॉक्स

त्याच पीडीएफमधलं सगळ्यात बारीक अक्षरांचं एक पान ए-फोर कागदावर छापून घ्या. पान मुळात ए-फोर मापाचं असायला हवं. कॉलेज रोडवर किंवा तुमच्या गल्लीत जो झेरॉक्सवाला असेल त्याला सांगा, "सत्तर टक्क्यांवर एक कॉपी मारा." मग त्या कॉपीची पुन्हा सत्तर टक्क्यांवर कॉपी.

10.3 इंची पडदा साधारण 157 बाय 209 मिलिमीटर असतो. ए-फोर कागद मधोमध दुमडला की जवळजवळ हेच माप येतं, आपल्याकडच्या डेमी आकाराच्या कादंबरीच्या पानाएवढं. म्हणजे ए-फोर पान या पडद्यावर सत्तर टक्के आकारात दिसणार. मूळ अक्षर 12 पॉइंटचं असेल तर ते साडेआठच्या आसपास वाटेल. दुसऱ्यांदा लहान केलेली कॉपी म्हणजे सात इंची रीडरचा पडदा: 12 चं अक्षर जेमतेम सहा.

दोन्ही कॉपी संध्याकाळी, नेहमीच्या दिव्याखाली, नेहमीच्या चष्म्याने वाचा. इंग्रजी सहा पॉइंटमध्ये कशीबशी वाचता येते. देवनागरीला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार सांभाळायचे असतात, त्यामुळे ती लवकर चिकटते. 'धर्म' आणि 'धम'मध्ये फरक दिसतोय का? 'पुर' की 'पूर', हे न अडखळता कळतंय का? सत्तर टक्क्यांची कॉपी दहा मिनिटं आरामात वाचता आली तर मोठा रीडर चालेल. ती वाचतानाही कागद नाकाजवळ येत असेल तर 10.3 इंच घेऊन पस्तावाल. 13.3 इंची यंत्रंही असतात, त्यावर ए-फोर पान नव्वद टक्क्यांच्या आसपास दिसतं, पण ती टेबलावर ठेवूनच वाचायची वस्तू झाली. पानाभोवतीचा कोरा समास छाटायची सोय बहुतेक रीडरमध्ये असते, त्यामुळे अक्षर प्रत्यक्षात थोडं मोठंही मिळेल.

आता एक गोष्ट, जी विकणारा सहसा सांगत नाही. सात इंची रीडर आडवा धरला की त्याची रुंदी 142 मिलिमीटरच्या आसपास होते. ए-फोर पानाच्या रुंदीचे ते सुमारे 68 टक्के. म्हणजे आडव्या लहान रीडरवर अक्षर जवळपास तेवढंच दिसतं, जेवढं उभ्या मोठ्या रीडरवर! फरक इतकाच की एका वेळी अर्धं पान दिसतं. महिन्यातून दोनदा पीडीएफ उघडणाऱ्याने यावरच भागवावं. मोठा रीडर आडवा केला तर ए-फोर पान जवळजवळ मूळ मापात दिसतं, तेही अर्धं-अर्धं. पण गणित, तक्ते, वर आकृती आणि खाली तिचं स्पष्टीकरण असलं काही वाचत असाल, तर अख्खं पान एकदम दिसण्याला पर्याय नाही.

४. अर्धा किलो साखर हातात धरा

विनोद नाही. 2022 साली आलेला अ‍ॅमेझॉनचा मोठा रीडर, किंडल स्क्राइब, 433 ग्रॅमचा आहे. त्याला कव्हर चढवलं की अर्धा किलो ओलांडलाच. साखरेची अर्ध्या किलोची पुडी एका हातात धरून वीस मिनिटं बसा, किंवा गादीवर पडून छातीच्या वर धरा. मनगट काय म्हणतंय ते ऐका.

मी भाच्याचा मोठा रीडर आठवडाभर वापरायला आणला होता. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला निघालो. नाशिकरोडला जागा मिळाली नाही, एका हाताने दांडी आणि दुसऱ्यात हे ताट. इगतपुरी यायच्या आत बॅगेत ठेवून दिलं आणि बाजूच्या पासवाल्यांच्या गप्पा ऐकत गेलो. खरी गंमत परतीच्या वाटेवर झाली. बॅगेत त्याच्याशेजारी स्टीलचा डबा होता. घरी येऊन चालू केला तर वरून काच धड, पण पडद्याचा खालचा तिसरा हिस्सा रेघारेघांचा, आदल्या पानात अडकलेला. एम. जी. रोडवर दाखवला. दुकानातल्या मुलाने उलटसुलट करून परत दिला आणि म्हणाला, "काका, हा पॅनल मिळत नाही."

बऱ्याच रीडरमध्ये ई-इंकच्या, म्हणजे अक्षरं उमटवणाऱ्या, थराखाली पातळ काचेचा पत्रा असतो आणि मोठ्या आकारात तो दाबाने सहज तडकतो. तेव्हा कडक कव्हरचा खर्च पहिल्याच दिवशी धरा. पडदा फुटला तर दुरुस्ती कुठे आणि कितीला, हे पैसे देण्याआधी विचारा. बाहेरून मागवलेल्या यंत्राबाबत तर नक्कीच. (भाच्याला पैसे दिले. बहिणीने चार दिवस फोन उचलला नाही.)

५. पडद्याचा स्वभाव समजून घ्या

ई-इंकच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत काळे-पांढरे, विरुद्ध विद्युतभाराचे कण. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी जातो. एकदा पान उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, म्हणून बॅटरी बरेच दिवस पुरते. गच्चीवर भर उन्हात पान कागदासारखं स्वच्छ दिसतं, टॅबलेट तिथे आरसा होतो.

याच स्वभावाचा तोटा असा, की कण हलायला वेळ लागतो. पान झरझर सरकवणं, ताणून मोठं करणं, अनुक्रमणिकेवरून एकशे बाराव्या पानावर आणि परत, हे सगळं मंद चालतं. पाटी नीट पुसली नाही की मागचा खडू दिसतो, तशी आधीच्या पानाची छायाही राहते. पाच संदर्भ एकदम उघडून उड्या मारत वाचणाऱ्याला साधा टॅबलेट परवडेल. सलग दोन तास एकच मजकूर वाचणाऱ्याला हा.

रंगीत पडद्याच्या मोहात लगेच पडू नका. कॅलिडो 3 जातीच्या पडद्यावर काळी अक्षरं इंचाला 300 ठिपक्यांनी उमटतात, रंग मात्र 150 नेच, आणि वरच्या रंगीत जाळीमुळे पान करडं दिसतं. नकाशे बघायचे असतील तरच विचार करा. पडद्यातला दिवाही तपासा. रीमार्केबल 2 सारख्या काही यंत्रांत तो नाहीच, मग रात्री खोलीतला दिवा चालू ठेवावा लागतो आणि त्यावर घरच्यांचं मतही ऐकावं लागतं.

पडद्यावर लिहायच्या पेनाचं मात्र मला कौतुक आहे. स्वाध्याय तपासताना पीडीएफच्या समासात थेट शेरा लिहिता येतो.

६. हातात आल्यावर ही ओळ उघडा

'दुसऱ्या तऱ्हेचं अ‍ॅप, हृदय, शल्य, ज्ञानेश्वर, कॉफी.' ही एका फाइलमध्ये लिहून रीडरवर टाका. ऱ्या फुटतो का, अ‍ॅ नीट बसतो का, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात की हिंदी, सगळं एका नजरेत कळतं. किंडलवर 2016 च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तकं मिळतात, पण काही मराठी विक्रेत्यांची ई-पुस्तकं त्यांच्याच अ‍ॅपमध्ये उघडतात. तुमची खरेदी तशी असेल तर अँड्रॉइडवर चालणारा रीडरच बघा. नाहीतर घेतलेली पुस्तकं फोनवर आणि रीडर रिकामा.

झेरॉक्सच्या त्या दोन कॉपी जपून ठेवा. कोणाचा रीडर बघायला मिळाला तर तीच पीडीएफ त्यात टाकून घ्या, सत्तर टक्क्यांचा कागद पडद्याशेजारी धरा, आणि कुठल्या ओळीवर डोळे आधी थकतात ते बघा.