पर-२ किती वेळ टिकतं, हे मोजायचं कसं

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं जैविक घड्याळ म्हटलं की जनुकांवर घसरतात. कोण कुणाला चालू करतं, कोण कुणाला बंद, एवढंच. पण चक्र चोवीस तासांच्या आसपास राहतं, त्यात प्रोटीन मोडायला लागणाऱ्या वेळेचा मोठा वाटा आहे. पर-२ हे या घड्याळाचं एक मुख्य प्रोटीन. केसीन कायनेज १ हे एन्झाइम पर-२ला फॉस्फेट चिकटवतं, बीटा-टीआरसीपी हे प्रोटीन ती खूण ओळखतं, मोडण्याची खूण म्हणून युबिक्विटिनची साखळी लागते आणि प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र, तुकडे पाडतं. १९८८मध्ये टाउ नावाचा जनुकीय बदल असलेल्या हॅमस्टरची नोंद झाली; या बदलाच्या दोन्ही प्रती असल्या की चक्र २० तासांचं. दोष पुढे २००० साली याच कायनेजमध्ये निघाला.

यू-२-ओएस पेशी (माणसाच्या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या, लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या) घ्या. डिशमधली प्रत्येक पेशी आपापल्या वेळेने चालत असते, म्हणून आधी सगळ्यांना एका वेळेवर आणायचं: १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन, अर्धा तास, मग मीडियम बदला. लगेच मुख्य प्रयोगाला लागू नका. एक दिवस जाऊ द्या, मग पुढचा दिवसभर दर चार तासांनी एक डिश काढून पर-२ कधी चढतं, कधी उतरतं ते ब्लॉटवर (जेलमध्ये प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने हवं ते दाखवण्याची पद्धत) बघा. दोन्ही वेळी ते एकाच गतीने मोडेल असं धरू नका. आणि डेक्सामेथासोन कधी घालायचं ते उलटं मोजून ठरवा, म्हणजे कामाचे तास दिवसा येतील. झोपेच्या घड्याळावर काम करणाऱ्यांनीच रात्र रात्र जागावं, हा आमच्या क्षेत्राचा जुना विनोद आहे.

आता सायक्लोहेक्सिमाइड, १०० मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला. विषारी आहे, ग्लोव्हज घाला. याने नवं प्रोटीन बनणं थांबतं, उरलेलं किती वेगाने जातं ते आपण बघतो. इथे एक गोष्ट नीट ऐका. इतर प्रोटीनसाठी लोक औषध मागेपुढे घालतात आणि सगळ्या डिश एकदम काढतात. सोयीचं असतं. घड्याळाच्या प्रोटीनला ते चालत नाही, कारण मग प्रत्येक डिशची सुरुवात चक्राच्या वेगळ्या वेळी होते. औषध सगळ्यांना एकदम घाला. डिश ०, १, २, ४, ६ तासांना काढा. औषध न घालता नुसता त्याचा द्रावक डीएमएसओ घातलेल्या डिशही सुरुवातीला आणि शेवटी काढा. एका डिशमध्ये सोबत प्रोटिअसोम बंद पाडणारं एमजी-१३२, १० मायक्रोमोलर, घाला. तिथे पर-२ टिकलं तर काम प्रोटिअसोमचं आहे असं म्हणायला आधार मिळतो.

डिश बर्फावर ठेवा, थंड पीबीएसने दोनदा धुवा. लायसिस बफरमध्ये प्रोटिएज इनहिबिटर सगळेच घालतात, फॉस्फटेजचा विसरतात. तो नसला तर फॉस्फेट गळून पडतात आणि ब्लॉटवर फॉस्फेट लागलेल्या पर-२चा वरचा पसरट भाग खाली सरकतो.

पर-२ साधारण १४० किलोडाल्टनचं, त्यामुळे जेल ६ टक्क्यांचं आणि ट्रान्सफर कोल्डरूममध्ये रात्रभर. अँटिबॉडीवर डोळे झाकून विश्वास नको, पर-२ कमी केलेल्या पेशींचा एक नमुना शेजारच्या लेनमध्ये चालवा. बँड मोजताना चौकट खालच्या ठसठशीत रेषेभोवती आखू नका, वरचा धुरकट पट्टाही आत घ्या. नाहीतर नुसतं फॉस्फेट लागून वर सरकलेलं प्रोटीन तुमच्या हिशेबात 'मोडलेलं' ठरेल. परीक्षकाने हे विचारलं की भल्याभल्यांची बोबडी वळते.

आकड्यांना ट्युब्युलिनच्या (तुलनेसाठी धरलेलं, फारसं न बदलणारं प्रोटीन) आकड्याने भागा, नॅचरल लॉग घ्या, वेळेसमोर मांडा. रेषा सरळ आली तर ०.६९३ला उताराने (उणे चिन्ह सोडून) भागलं की हाफ-लाइफ, म्हणजे अर्धं प्रोटीन मोडायला लागणारा वेळ. वाकडी आली तर तिला बळेच सरळ करू नका. वाकडी आहे असंच लिहा आणि वेगळ्या दिवशी, नव्या पेशींवर पुन्हा करा. शून्य तासाचा बँड सॅच्युरेट झालेला, म्हणजे मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गडद असेल तर ती इमेज वापरूच नका, त्याने हाफ-लाइफ खऱ्यापेक्षा जास्त दिसते. कमी एक्स्पोजरची इमेज घ्या.